ल्युत आणि अण्णांचा फेरा

फ्रेंच मी आवडीनं घेतलं नाही. जर्मनचा वर्ग भरला होता, रशियनची वेळ माझ्या नोकरीच्या आडवी येत होती, उरलं ते फ्रेंच. दिवसभर शाहूपुरीत एका ट्रान्सपोर्टवाल्याकडं टायपिंग करायचं आणि संध्याकाळी सायकल मारत विद्यापीठात जाऊन 'माझ्या मावशीची टोपी निळी आहे' असली वाक्यं पाठ करायची. माझ्या मावशीनं जन्मात टोपी घातली नव्हती. आईला वाटायचं, पोरगी कॉम्प्युटर शिकते. मी तिचा गैरसमज दूर केला नाही, कारण कॉम्प्युटर म्हटलं की तिला चारचौघींत सांगता तरी यायचं.

१९९८ च्या मार्चमध्ये मॅडमनी मला बोलावून घेतलं. फ्रान्सहून एतियेन नावाचे एक गृहस्थ आले होते. ते एका शब्दाचा इतिहास लिहीत होते आणि त्यासाठी त्यांना कोल्हापूरची कुस्ती बघायची होती. चार दिवस दुभाषी हवा होता. वर्गात सगळ्यांत चांगलं फ्रेंच दुसऱ्या एका मुलीचं होतं, पण तिचे वडील दाताचे डॉक्टर होते. माझे वडील पैलवान. त्यामुळं माझी निवड झाली.

तो शब्द म्हणजे 'ल्युत'. शब्दकोशात बघितलं तर पहिला अर्थ कुस्ती, दुसरा अर्थ संघर्ष, आणि पुढं पान भरून कुणाकुणाशी संघर्ष ते दिलेलं. भुकेशी, रोगाशी, सरकारशी. वर्गसंघर्षाला पण ल्युत आणि जगण्याच्या धडपडीला पण ल्युतच. मला वाटलं, शब्दांची टंचाई असणार त्यांच्याकडं.

एतियेन पंचेचाळिशीचा, उंच, काटकुळा, जाड भिंगाचा चष्मा लावणारा माणूस होता. त्याला एकच खोड होती. दिसेल त्याचा हात हातात घेऊन हलवायचा. आमच्या कसबा बावड्याच्या घरात शिरताना त्यानं अण्णांचा हात हलवला, माझा हलवला, दूध घालायला आलेल्या गड्याचा हलवला. आईनं हात पदराखाली घेतले, तेव्हा तो पदराकडं बघून मान हलवून हसला. जाताना पुन्हा सगळ्यांचे हलवले. दुधाचा गडी तोवर गेला होता, म्हणून वाचला.

अण्णा, म्हणजे माझे वडील अण्णासो, साखर कारखान्यात गव्हाणीवर कामाला होते. ऊस जिथं पट्ट्यावर टाकतात ती गव्हाण. सत्तावन्न वर्षांचे, कंबर दुखरी, कान फुटून फुलकोबीच्या गड्ड्यागत झालेले. पाहुणा एका शब्दावर अख्खं पुस्तक लिहितोय म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "एकाच शब्दावर? पगार कोण देतंय?"

"त्यांचं सरकार."

"चांगलं सरकार हाय," अण्णा म्हणाले आणि चहाचा कप त्याच्याकडं सरकवला.

एतियेननं सांगितलं ते मी मराठीत केलं. हा शब्द लॅटिनमधून आला. तिथं 'लुक्ता' म्हणजे कुस्ती, माणसानं माणसाला धरून केलेली. त्याच्याही मागं जाऊन काही पंडित म्हणतात की मुळात त्याचा अर्थ वाकवणं, पिळणं असा असावा. काही म्हणतात, नक्की सांगता येत नाही. पण एवढं खरं की अंगाला अंग लावून केलेली झटापट आधीची. भूक, रोग, सरकार यांच्याशी झगडणं त्यावरून आलं.

"बरोबर हाय त्यांचं," अण्णा म्हणाले. "आधी अंगाला माती लागाय पायजे. बाकीचं मग."

तुमच्यात या दोन्हीला एक शब्द आहे का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, नाही. कुस्ती हा शब्द इराणाकडून आलाय. संघर्ष संस्कृतातला, त्याचा मूळ अर्थ घासणं. आमच्या विहाराच्या भिंतीवर तीन आज्ञा लिहिल्यात, त्यातली तिसरी संघर्षाची. कुस्तीची नाही.

अण्णांनी थोडा वेळ कान चोळला. मग म्हणाले, "त्यास्नी सांग, दोन शब्द हाईत ते बराय. कुस्तीला जोड लागती. संघर्षाला लागत न्हाय. त्यो एकट्यानं बी करता येतो."

हे मी फ्रेंचमध्ये सांगितलं. एतियेननं वहीत लिहून घेतलं, दोनदा वाचलं आणि विचारलं, "मातीतली कुस्ती खेड्यात बघायला मिळेल का?"

"मिळंल की," अण्णा म्हणाले, "परवा आमच्या गावची जत्रा हाय."

एवढं वाक्य फ्रेंचमध्ये करायला मी मुद्दाम वेळ लावला.

आमचं मूळ गाव कोल्हापूरपासून तासाभरावर आहे. नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथल्या चांगल्या माणसांना वाईट वाटेल, आणि ज्यांना वाटायला पाहिजे त्यांना वाटायचं नाही. छप्पन साली आमच्या लोकांनी धर्म बदलला आणि सत्तावन्न साली गावाची मेलेली जनावरं ओढायची बंद केली. गाव म्हणालं, बरं. त्या 'बरं'चा अर्थ कळायला अण्णांना सहा वर्षं लागली.

त्रेसष्ट साली अण्णा बावीस वर्षांचे होते. शहरातल्या तालमीत अंग घोटवलेलं. तिथं वस्ताद फक्त एवढंच विचारायचे की जोर किती मारलेस. चार ठिकाणची मैदानं मारून पोरगं जत्रेला गावात आलं. आता गावच्या मैदानाची रीत अशी, की ज्याला जोड पाहिजे तो पैलवान उजवा हात पुढं करून रिंगणाला एक फेरा मारतो. ज्याला त्याच्याशी खेळायचं तो उठतो आणि हात धरतो. हात धरला की कुस्ती ठरली. लगेच हलगी वाजते. धरलेला हात मग सोडायचा नसतो.

अण्णांनी फेरा मारला. कुणी उठलं नाही. पंचांनी सांगितलं, जोड न्हाय. अण्णांच्या दुप्पट अंगाची पोरं पुढच्याच रांगेत बसून शेंगा खात होती.

पुढच्या वर्षी अण्णा परत गेले. त्याच्या पुढच्या वर्षी परत. अशी पस्तीस वर्षं झाली. देवळाकडं जात नाहीत, नारळ फोडत नाहीत. आई म्हणते, मग जत्रेला जाताच कशाला? ते म्हणतात, "मी देवाला जात न्हाय, मातीला जातो." पहिली वीस वर्षं त्यांचा हात न धरण्याचं कारण कुणी सांगितलं नाही, कारण ते सगळ्यांना माहीत होतं. मग पोरं शिकली, एका बाकावर बसायला लागली, तेव्हा काहीतरी सांगायची पाळी आली. तोवर अण्णांचं वय झालं होतं. गावाला कारण आयतंच मिळालं. "म्हाताऱ्या माणसाला कसं आडवं करायचं, अण्णासो?" कारण बदललं, हात काही पुढं आला नाही.

आता तर गावाला त्याची सवयच झाली होती. शेवटच्या कुस्तीआधी अण्णासो फेरा मारणार, लोक तेवढ्यात पाणी प्यायला उठणार.

खरं सांगते, मला त्या फेऱ्याची भयंकर लाज वाटायची. लहानपणी एकदा ट्रॉलीत बसून बघितला होता, तेवढ्यानं पुरे झालं होतं. लोकांची तर लाज वाटायचीच, पण त्याहून जास्त अण्णांची. भीक मागितल्यासारखा हात घेऊन कशाला फिरायचं? एकदा मी तोंडावर म्हटलं होतं, "अण्णा, किती दिवस स्वतःची शोभा करून घेणार?" त्यांनी जेवण अर्धं टाकून हात धुतला होता. त्यांना पैसा नको होता, मान नको होता. त्या एका गावातला एक हात पाहिजे होता, आणि तोच मिळत नव्हता.

म्हणून एतियेनला मी लॅटिन सांगू दिलं, माती कशी कालवतात ते सांगितलं, ताक किती, हळद किती, ते पण सांगितलं. फेऱ्याचं सांगितलं नाही. हात धरल्यावर काय होतं तेही सांगितलं नाही. कुठल्या तोंडानं सांगणार?

जत्रेच्या दिवशी दुपारी आम्ही तिघं गावात पोचलो. मैदानात बाईमाणूस चालत नाही. त्यामुळं दुभाषी बाहेर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आणि पाहुणा आत, अशी व्यवस्था झाली. मुख्य पंच हंबीरराव यांनी एतियेनला फेटा बांधला आणि पुढं खुर्ची दिली. एतियेननं त्यांचा हात हलवला, मग ओळीनं सगळ्या पंचांचे. माइकवाल्या सयाजीचा हलवला तेव्हा कर्ण्यातून खर्रर्र आवाज आला. लोक खूश झाले. पाहुणा लई साधा हाय म्हणाले.

पंचवीस-तीस कुस्त्या झाल्या. ऊन उतरलं. शेवटची मोठी जोड अंगाला तेल चोळायला लागली, तसे अण्णा उठले. धोतराचा काचा मारला, सदरा काढून खांद्यावर टाकला आणि उजवा हात पुढं करून चालायला लागले. लोक पाण्याला उठले. जे बसून राहिले ते आपापल्या चपलांकडं बघायला लागले. मी ट्रॉलीत तोंड फिरवलं.

अर्धा फेरा झाला असेल. अण्णा खुर्च्यांपाशी आले. आता विचार करा, काटकुळ्या फ्रेंच माणसाला काय दिसलं असेल? ज्याच्या घरी आपण दोनदा चहा प्यायलो तो यजमान समोरून हात पुढं करून येतोय. एतियेन उठला, हसला, आणि त्यानं अण्णांचा हात धरला.

केरबा हलगीवाल्याचं लक्ष नव्हतं की होतं, देव जाणे. त्यानं हलगीवर काडी मारली.

मी मान वळवली तेव्हा सगळं मैदान उभं होतं. पाण्याला गेलेले तांबे टाकून पळत येत होते. सयाजीनं सवयीनं माइक उचलला आणि म्हणाला, "जोड ठरलेली हाय!" मग कुणाची ते बघितलं आणि माइक खाली ठेवला.

"आरं थांबवा!" हंबीरराव ओरडले. "पावणा हाय त्यो! त्याला काय कळतंय?"

अण्णा म्हणाले, "हात धरलाय."

"चुकून धरला, अण्णासो."

"चुकून का हुईना, धरलाय न्हवं?"

हंबीररावांनी इकडं तिकडं बघितलं. रीत मोडायची तर सगळ्या गावासमक्ष मोडायला लागणार होती, आणि न मोडावी तर फ्रान्सचा पाहुणा मातीत जाणार होता. शेवटी त्यांनी ट्रॉलीकडं बघून हाक मारली, "ए पोरी! दीप्ती! ये हिकडं. इचार ह्येला."

अशा रीतीनं त्या मैदानात पहिली बाई शिरली, ती भाषांतरासाठी. चप्पल बाहेर काढली. पायाखाली माती गार आणि मऊ लागली. हंबीरराव माझ्या कानाशी म्हणाले, "चुकून धरला म्हण म्हणावं. यवढं म्हटलं की हलगी थांबीवतो. तुझ्या बाचीबी इज्जत ऱ्हाईल."

माझ्या बापाच्या इज्जतीची काळजी त्यांना पस्तीस वर्षांनी लागली होती. मला एवढा संताप आला की पहिल्या वाक्यालाच माझं फ्रेंच गेलं. भूतकाळाचे सगळे प्रकार चुकले असतील. पण मी सांगितलं. की इथं हात धरणं म्हणजे कुस्ती घेणं. की माझे वडील पस्तीस वर्षं हा हात घेऊन फिरतात आणि आजवर तो कुणी धरला नाही, आणि का धरला नाही तेही सांगितलं. की तुम्ही नमस्कार म्हणून धरलात, तर सोडलात तरी तुम्हाला कुणी काही म्हणणार नाही.

एतियेननं खाली बघितलं. अण्णांचा हात अजून त्याच्या हातात होता. तो माझ्याकडं वळून म्हणाला, "चष्मा कुठं ठेवू?"

मी चष्मा घेतला. त्यानं डाव्या हातानं फेटा काढून खुर्चीवर ठेवला. शर्ट काढायला हात सोडणं भाग होतं. त्यानं अण्णांकडं बघितलं, अण्णांनी मान हलवली, मगच सोडला. शर्टाची व्यवस्थित घडी घातली. पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडली. त्याच्या छातीच्या फासळ्या मोजता येत होत्या. हंबीरराव कपाळाला हात लावून बसले.

कुस्ती किती वेळ चालली म्हणून लोक अजून विचारतात. मी श्वास घेतला आणि सोडला, एवढा वेळ. अण्णांनी त्याच्या डोक्याला माती लावली, स्वतःच्या लावली, खांद्याला खांदा भिडवला, दुखरी कंबर वळवली आणि त्याला उचलून बाळ पाळण्यात ठेवावं तसं पाठीवर ठेवलं. मानेखाली आपला हात घातला, लागू नये म्हणून. मग त्याला उठवून बसवलं आणि त्याच्या पाठीवरची माती झाडली.

मैदान फुटायचं बाकी राहिलं. टोप्या उडल्या, शिट्ट्या वाजल्या. सयाजीला आता माइक सापडला. "फ्रान्स देशाचा पैलवान चितपट! आपल्या गावच्या अण्णासोंनी मारलं मैदान! आपल्या गावच्या!" चार पोरांनी अण्णांना खांद्यावर घेतलं. पस्तीस वर्षांत ते पहिल्यांदाच आपल्या गावचे झाले, कारण त्यांनी फ्रान्सला पाडलं होतं. हंबीररावांच्या तोंडावर एवढी सुटका दिसली की मला हसू आलं. सगळ्या गावाचंच ओझं उतरलं होतं. जोड मिळाली, कुस्ती झाली, कुणाला उठावं लागलं नाही.

मला पण वाटलं, सुटलो बाबा. संपलं एकदाचं.

अण्णा पोरांच्या खांद्यावरून खाली उतरले. सदरा उचलून परत खांद्यावर टाकला. जिथं एतियेननं हात धरला होता त्या खुर्चीपाशी गेले आणि तिथून हात पुढं केला.

"आता काय, अण्णासो?" हंबीरराव म्हणाले. "झाली की कुस्ती."

"पावण्याची झाली. गावाची ऱ्हायलीया. फेरा अर्धाच झालाय, हंबीरराव."

शिट्ट्या हळूहळू थांबल्या. आत्ता ज्या पोरांनी खांद्यावर घेतलं होतं, त्यांच्यासमोरनं हात गेला. पोरांनी एकमेकांकडं बघितलं. एक जण हसला आणि म्हणाला, "मामा, तुमच्यासंगं कुठं आमी," आणि मागं सरकला. हात पुढं गेला. हंबीररावांसमोर आला आणि तिथं जरा जास्त वेळ थांबला. दोघं एकाच वयाचे. त्रेसष्ट साली पुढच्या रांगेत शेंगा खाणाऱ्यांत हंबीरराव होते.

हंबीररावांनी टेबलावरचा मानाचा नारळ उचलला आणि अण्णांच्या पुढं केलेल्या हातात ठेवला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी नारळाकडं बघितलं, तो डाव्या हातात घेतला, वाकून खाली मातीत ठेवला, आणि उजवा हात पुन्हा पुढं केला.

टाळ्या बंद झाल्या. हंबीररावांनी घड्याळाकडं बघितलं, मग उन्हाकडं बघितलं. म्हणाले, "उजेड ऱ्हायला न्हाय. सयाजी, मैदान संपलं म्हण." शेवटची मोठी जोड तेल लावून उभीच होती. तरी सयाजीनं म्हटलं. लोक धोतरं, पॅंटी झाडत उठले आणि गर्दी उलट्या बाजूनं बाहेर पडायला लागली. अण्णा त्या गर्दीत घुसून राहिलेला फेरा चालत राहिले. धक्का लागला की थांबत होते, हात न वाकवता वाट मिळेपर्यंत उभे राहत होते.

आणि मला पहिल्यांदा दिसलं, की इतकी वर्षं मी चुकीच्या माणसाची लाज धरून बसले होते. रडू आलं, रागानं आलं. एतियेन मातीत बसून डोळे बारीक करून चाचपडत होता. मी त्याचा चष्मा त्याच्या हातात दिला. तो म्हणाला, तुझे वडील आता काय करतायत? मी म्हटलं, तुमचाच शब्द.

मग मी अण्णांच्या मागं गेले. कुणी अडवलं नाही. अडवणारे सगळे घाईत होते. गर्दीत त्यांच्या शेजारी पोचले आणि मी पण उजवा हात पुढं केला. समोरून येणारा एक म्हातारा दचकून बाजूला झाला.

अण्णांनी वळून बघितलं. बराच वेळ माझ्या हाताकडं बघत राहिले.

"तुला कुस्ती कुठं येतीया?"

"न्हाय येत."

"मग असा कोपरात वाकवून काय धरलायस? सरळ धर. खांद्याबरोबर."

मी हात सरळ धरला, आणि आम्ही पुढच्या माणसासमोर गेलो.